सर्व्हिस डॉगसाठी ब्रीड निवडताय? घरात ब्रश कोण करणार ते आधी ठरवा

माझ्या आईला संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइड. बोटं नीट मिटत नाहीत आणि गेली काही वर्षं ती बहुतेक वेळ व्हीलचेअरवरच असते. आमची लॅब्रॅडॉर चिकू तिचा पडलेला मोबाइल उचलून देते, काठी आणून देते, कपाटाच्या खालच्या ड्रॉवरला आम्ही जुन्या पंचाची पट्टी बांधलीय ती दातात धरून ड्रॉवर उघडते. हे बघून ओळखीचे लोक विचारतात की आमच्या बाबांसाठी, आमच्या मुलीसाठी कुठलं ब्रीड घेऊ, आणि मी प्रत्येक वेळी हेच विचारते की रोज ब्रश कोण करणार, कान कोण बघणार.

याला कारण आहे. चिकूच्या दुसऱ्या पावसाळ्यात एकदा ती चिंब भिजून आली, आम्ही घाईघाईत टॉवेलने वरवर पुसलं आणि कान तसेच ओले राहिले. चार-पाच दिवसांनी कानातून आंबूस वास यायला लागला, ती सारखी डोकं झटकायची, तेही मी आज-उद्या करत राहिले. मग एका दुपारी आईच्या हातून मोबाइल पडला, चिकू नेहमीसारखी आली, मान खाली घातली आणि कळवळून मागे सरकली, पुन्हा आली, पुन्हा मागे गेली. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी साडेसहाला आले तेव्हा मोबाइल खुर्चीखाली होता, वीस मिस्ड कॉल होते, आणि आई मला म्हणाली, "तिला रागावू नकोस गं, तिचं दुखतंय." पंधरा दिवस कानात ड्रॉप्स चालले आणि तेवढे दिवस चिकूचं काम बंद.

म्हणून सांगते, सर्व्हिस डॉगच्या बाबतीत ग्रूमिंग, म्हणजे ब्रश, अंघोळ, कान-नखांची निगा, हा कुत्रा छान दिसावा यासाठीचा खर्च नाही, कान दुखला, नख वाढलं, बगलेत जखम झाली की ज्या माणसाचा दिवस त्या कुत्र्यावर चालतो त्याचाच दिवस अडतो.

आधी काम ठरवा

सर्व्हिस डॉग म्हणजे एखाद्या अपंग किंवा आजारी माणसासाठी ठरावीक कामं शिकवलेला कुत्रा. नुसती सोबत करणारा, मायेने जवळ बसणारा कुत्रा ही वेगळी गोष्ट, तीही मोलाचीच, पण निवड करताना दोन्हीची गल्लत करू नका. आपल्याकडे तयार, पूर्ण ट्रेनिंग झालेले कुत्रे फारच कमी मिळतात, त्यामुळे बहुतेक घरांत पिल्लू आणून ट्रेनरच्या मदतीने दीड-दोन वर्षं तयार करावं लागतं. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर तिथल्या कायद्यात ब्रीडची अट नाही आणि सरकारी नोंदणीही लागत नाही, ऑनलाइन विकत मिळणारी सर्टिफिकेटं आणि ओळखपत्रं यांना काही कायदेशीर किंमत नाही, तिथे पैसे घालवू नका.

कागद घ्या आणि लिहून काढा की कुत्र्याने नेमकं काय करायचंय. वस्तू उचलायच्या, दार उघडायचं, दिवा लावायचा असेल तर मध्यम ते मोठा कुत्रा पाहिजे आणि त्याला तोंडात वस्तू धरायची मुळात आवड पाहिजे. दाराची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, बाळ रडलं हे ऐकू न येणाऱ्या माणसाला येऊन सांगायचं असेल तर छोटा कुत्राही झकास काम करतो. शुगर कमी झाल्याचा वास ओळखायचा असेल तर आकारापेक्षा नाक आणि चिकाटी महत्त्वाची. आणि आधारासाठी कुत्र्यावर भार टाकायचा विचार असेल तर कुत्र्याच्या डॉक्टरांनी त्याच्या सांध्यांचे एक्सरे बघून हो म्हटल्याशिवाय अजिबात नको, दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्यावर तर नाहीच, त्याची हाडं अजून भरत असतात.

मग ब्रीड, आणि ब्रीडबरोबर त्याचे केस

अंध माणसांसाठी कुत्रे शिकवण्याची पहिली शाळा जर्मनीत ओल्डेनबर्गला 1916 साली निघाली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी, आणि तिथे जर्मन शेफर्ड वापरायचे. आज जगभर गाइड डॉगच्या, म्हणजे अंध माणसांना वाट दाखवायच्या कामात लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि या दोघांचे क्रॉस सगळ्यात जास्त दिसतात, कारण माणसांशी पटकन जमतं, एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरी काम करतात आणि खाण्यासाठी काहीही शिकायला तयार असतात.

लॅब्रॅडॉर. पूर्ण वाढलेला 25 ते 36 किलो. केस आखूड, पण त्याखाली दाट अंडरकोट असतो आणि तो वर्षभर गळतो, सोफ्यावर, साडीवर, पोळीच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा. फायदा असा की गुंता होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा रबरी ब्रश फिरवला की भागतं, आणि कमजोर हातांनाही ते जमतं. लॅबची खरी अडचण वजन आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना 2016 साली असं दिसलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि असे कुत्रे सारखे खायच्या मागे असतात, आणि त्यांनी तपासलेल्या असिस्टन्स डॉग (म्हणजे सर्व्हिस डॉगसारखी कामं करणाऱ्या) लॅबमध्ये हे प्रमाण चारातले तीन इतकं निघालं. म्हणजे ज्या हावरेपणामुळे तो शिकतो त्यानेच तो जाड होतो, सांधे जातात, काम लवकर सुटतं. ट्रेनिंगचं खाणं रोजच्या वाटीतूनच काढायचं, वरून द्यायचं नाही.

गोल्डन रिट्रीव्हर. स्वभाव सोन्यासारखा, पण कानामागे, बगलेत, शेपटीला आणि मागच्या पायांना लांब झालर असते आणि तिथे जटा होतात. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत या जटांखाली ओल धरते आणि कातडी लाल होऊन चिघळते. एक दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं देणारं दुसरं माणूस घरात असेल तर जरूर घ्या, नसेल तर लॅबच बरा.

स्टँडर्ड पूडल. डोक्याने फार हुशार आणि केस जवळजवळ गळत नाहीत. पण न गळणारे केस वाढतच राहतात, दर चार ते सहा आठवड्यांनी कापावे लागतात आणि मधल्या काळात रोज मुळापर्यंत विंचरावे लागतात, वरवर विंचरलं तर आत नमद्यासारखी जट बसते आणि मग सगळेच केस काढावे लागतात. तुमच्या गावात पूडल नीट कापणारा ग्रूमर आहे का ते पिल्लू घेण्याआधी बघा.

अॅलर्जी आहे म्हणून पूडल किंवा लॅब्राडूडल घेणाऱ्यांनी जरा थांबा. लॅब्राडूडल प्रसिद्ध झालं ते 1989 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गाइड डॉग संस्थेमुळे, हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला अॅलर्जी होती, म्हणून वॉली कॉनरन यांनी लॅब आणि पूडलचा क्रॉस केला, आणि तीन पिल्लांपैकी फक्त एकाचे केस आणि लाळ त्या नवऱ्याला चालली. अॅलर्जी करणारी प्रथिनं लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, ती प्रत्येक कुत्र्यात असतातच. त्यामुळे ब्रीडच्या नावावर विसंबू नका, त्याच कुत्र्याबरोबर अॅलर्जी असलेल्या माणसाला दोन-तीन वेळा तासभर बसवून बघा.

जर्मन शेफर्ड कामाला उत्तम पण केस प्रचंड गळतात, कंबरेचे सांधे नीट तपासून घ्यावे लागतात, आणि नवख्या घराला तो झेपेलच असं नाही. हस्की घेऊ नका, तो ओढायला आणि पळायला बनलेला कुत्रा आहे, आपल्या उन्हात त्याचे हाल होतात. पग आणि तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात श्वासच पुरत नाही, त्यांच्याकडून काम काय करून घेणार. आपला देशी कुत्रा मात्र मनावर घ्या, आखूड केस, हवा मानवलेली, ग्रूमिंग अगदी थोडं. फक्त तो लहानपणापासून माणसांत वाढलेला हवा, आणि ट्रेनरने त्याला दोन-चार वेळा वेगवेगळ्या जागी नेऊन बघायला हवं.

पिल्लू बघायला जाताना

2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, त्यामुळे कोणी महिन्याचं पिल्लू हातात ठेवत असेल तर तिथून निघा. आई-बाप दाखवा म्हणा, त्यांच्या कंबरेचे आणि कोपरांचे एक्सरे मागा. पिल्लापासून जरा लांब स्टीलची ताटली खाली टाका. दचकलं तर काही बिघडत नाही, दचकून मग पुढे येऊन ताटली हुंगतं का ते बघायचं, जे कोपऱ्यात जाऊन थरथरत बसतं ते या कामाला नको. मग त्याचे पंजे हातात घ्या, बोटांच्या मधे दाबा, कान उलटा करा, ओठ वर करा. कुरकुर करून शांत होणारं पिल्लू पुढे ग्रूमिंग करून घेतं. आणि एवढं सगळं बघूनही पुष्कळ पिल्लं पुढे कामाला योग्य ठरत नाहीत, मोठ्या संस्थांचीही ठरत नाहीत, तेव्हा ते नुसतं घरचा कुत्रा म्हणून राहिलं तरी सांभाळायची तयारी आधीच ठेवा.

घरी आल्यावरचं ग्रूमिंग

रोज रात्री पाच मिनिटं नुसता हात फिरवायचा. हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) काढा आणि तो जिथे घासतो तिथे, म्हणजे बगल, छाती आणि खांद्यामागे, केस बाजूला करून कातडी बघा, लाल दिसली तर दोन दिवस हार्नेस बंद. घरात आल्यावर हार्नेस अंगावर ठेवूच नका आणि आठवड्यातून एकदा तो धुवा, घामट मळलेला पट्टा कातडी सोलतो. मग कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल, तेल, काडी असलं काही नाही. गोचिडीमुळे ताप येतो, कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, तेव्हा महिन्याचं गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारून वर्षभर चालू ठेवा. घरात मांजर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कुत्र्याची काही औषधं मांजराला विषारी असतात.

कान आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात भिजला की प्रत्येक वेळी. डॉक्टरांनी दिलेलं इअर क्लीनर कानात ओता, कानाच्या मुळाशी बाहेरून अर्धा मिनिट चोळा, पचपच आवाज येतो, मग कुत्र्याला डोकं झटकू द्या आणि जेवढं बोट आत जाईल तेवढंच कापसाने पुसा. इअरबड घालू नका, मळ आत ढकलला जातो. वास आला किंवा आतून लाल दिसला तर आधी डॉक्टर.

नखं दर तीन-चार आठवड्यांनी. फरशीवर टकटक आवाज येत असेल तर वाढलीत समजा, आणि आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर वाढलेल्या नखांचा कुत्रा घसरतो, घसरणारा कुत्रा आईच्या खुर्चीजवळ मला नको असतो. पांढऱ्या नखात गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे कापायचं. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या काढत जायचं आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी काळसर ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. पंजाच्या गाद्यांमधले केसही बारीक करा.

अंघोळ महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. आपला शॅम्पू वापरू नका, कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा असतो. धुण्याआधी ब्रश करा, ओल्या जटा आणखी आवळतात, आणि धुतल्यावर अंडरकोटपर्यंत कोरडं करा. उन्हाळा आला म्हणून लॅब किंवा गोल्डनचं मुंडण करू नका, तो कोट उन्हापासूनही वाचवतो. दुपारी बाहेर न्यायच्या आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेवा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. दात शक्य तितके रोज घासा, कुत्र्याच्या पेस्टने, आपल्या पेस्टमध्ये झायलिटॉल असू शकतं आणि ते त्याला विष आहे.

हनुवटी ठेवायला शिकवा

माझ्या मते हे सगळ्यात आधी शिकवायचं काम आहे, त्याने बाकीचं सोपं होतं. मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवा, कुत्र्याने हनुवटी त्यावर टेकली की लगेच खाऊ. आधी एक सेकंद, मग तीन, मग दहा. ते जमलं की हनुवटी टेकलेली असताना कानाला नुसता हात, खाऊ. मग कान उलटा, खाऊ. मग क्लीनरची बाटली नुसती दाखवायची. हनुवटी उचलली की आपण हात काढायचा, ओढायचं नाही, धरून ठेवायचं नाही, त्याला कळलं पाहिजे की थांबवणं त्याच्या हातात आहे, म्हणजे तो जास्त वेळ थांबतो. चिकूला याला तीन आठवडे लागले.

आईची बोटं ब्रशची मूठ धरू शकत नाहीत म्हणून तळहातावर पट्ट्याने अडकवायचा रबरी ब्रश आणलाय, पाठ आणि छाती ती करते, नखं आणि कान मी. रात्री नऊला आई टॉवेल मांडीवर घेते, चिकू स्वतःहून येऊन हनुवटी टेकवते, आणि मी टॉर्च घेऊन खाली बसते.