पुण्याच्या भुयारी मेट्रोचा भूगोलाशी प्रामाणिक नकाशा

लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३ सालचा प्रसिद्ध आकृतिबंध (नकाशासारखी आकृती) मार्ग सरळ करून अंतरे समान भासवतो. भूगोलाशी प्रामाणिक नकाशात ही सवलत घेता येत नाही, म्हणून आधी रेषा नव्हे, तर जमीन आखावी. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणक प्रणालीत ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची माहिती घेऊन यूटीएम ४३ उत्तर हे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) निवडावे. १:२०,००० प्रमाणात १ किलोमीटरसाठी ५ सेंटीमीटर जागा मिळते.

पहिला थर मुळा-मुठेचा असावा, कारण जिल्हा न्यायालयाकडून कसबा पेठेकडे जाणारा बोगदा मुठेखालून जातो आणि नदी चुकली की पुढचे सारे चुकते. भूमिगत भागात उपग्रहाचा संकेत पोहोचत नसल्यामुळे तयार नकाशांतील बोगद्याची रेषा अंदाजे असू शकते. ती स्थानकांची प्रवेशद्वारे आणि वायुवीजनाचे मनोरे यांच्या जमिनीवरील जागांशी ताडून पाहावी. वळणे कोनदार न काढता गोलाईदार ठेवावीत.

जिल्हा न्यायालय स्थानक विशेष काळजीने रेखाटावे. येथे स्वारगेटकडे जाणारी जांभळी मार्गिका जमिनीखाली, तर वनाज-रामवाडी मार्गिका उंचावर आहे. भुयारी भाग तुटक व उन्नत भाग अखंड रेषेने दाखवल्यास हा फरक स्पष्ट होतो.

मंडई परिसरात पेठांच्या गल्ल्या फिकट करड्या रंगात ठेवाव्यात आणि स्थानकाचे नाव रेषेवर न चढवता बाजूला लिहावे. माझ्या मते या गल्ल्या गाळणे म्हणजे नकाशाचा जीवच काढून घेणे होय.