बाथरूमचा दिवा आरशाशी हवा

बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमला एकच दिवा असतो, तोही दाराच्या वर नाहीतर छताच्या मधोमध. अंघोळीपुरता तो चालतो. पण दाढी करताना किंवा काजळ घालताना उजेड डोक्यावरून येतो आणि नेमकी डोळ्यांखाली, हनुवटीखाली सावली पडते. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना, साधारण डोळ्यांच्या उंचीवर उभे दिवे लावा. तेवढी जागा नसेल तर आरशाच्या वर, जवळजवळ त्याच्याइतकीच लांब एलईडी पट्टी. फक्त तिचा उजेड भिंतीवर नको, तोंडावर पडायला हवा.

खोक्यावरचे वॉट पाहून थांबू नका, ल्युमेनही, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो तेही, वाचा. लहान बाथरूमला छताचा 800 ते 1000 ल्युमेनचा दिवा पुरतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, तो 4000 केल्विनच्या आसपासचा घ्या. 6500 च्या पांढऱ्याफटक उजेडात धडधाकट माणूसही आजारी दिसतो, असं माझं तरी मत. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या पुढे असेल तर थोडे जास्त पैसे मोजा. केसांना लावलेला रंग बाहेर उन्हात गेल्यावर दगा देणार नाही.

शॉवरजवळच्या दिव्यावर आयपी 65 (दिवा धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित ते सांगणारा आकडा) लिहिलेलं असावं, बेसिनपाशी आयपी 44 चालेल. स्विच शक्यतो दाराबाहेरच. घराच्या वायरिंगला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आहे का, तेही वायरमनकडून बघून घ्या. रात्री उठणारं वयस्कर माणूस घरात असेल तर दाराजवळ एक झिरोचा दिवा लावा, खाली, पायाच्या उंचीवर.