डीप स्पेस ग्राउंड स्टेशनवर यायचंय? आधी लिंक बजेट मांडा

ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) शेवटच्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात, "दादा, ग्राउंड स्टेशनसाठी, म्हणजे यानांशी संपर्क ठेवणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रासाठी, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" सॉफ्टवेअर तिथं रुजू झाल्यावरही शिकता येतं. वही-पेन घ्या आणि लिंक बजेट, म्हणजे यानापासून डिशपर्यंत सिग्नलची ताकद कुठे वाढते, कुठे घटते याचा हिशोब, स्वतः मांडा.

बंगळूरजवळ ब्यालालूला इस्रोची 32 आणि 18 मीटरची डिश आहे. चांद्रयान-1 साठी उभारलेलं हे केंद्र पुढे मंगळयानालाही उपयोगी पडलं. चंद्र साधारण 3.84 लाख किमीवर. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा ते 21 कोटी किमीच्या पुढे होतं. अंतर सुमारे 550 पट, आणि सिग्नल अंतराच्या वर्गानुसार घटतो, म्हणून तो तीन लाख पट क्षीण. म्हणजे 55 डीबी (डेसिबल, ताकदीचं गुणोत्तर मोजायचं माप)! ते भरून कुठून काढायचे? यानावरचा हाय गेन (सिग्नल एकाच दिशेत एकवटणारा) अँटेना, जमिनीवरची मोठी डिश, कमी डेटा रेट, एरर करेक्शन कोडिंग, आणि अतिशीत केलेला एलएनए (स्वतःचा नॉइज फार कमी असलेला पहिला अॅम्प्लिफायर). फीड (डिशने एकवटलेला सिग्नल पकडणारा भाग) आणि एलएनए यांच्यामध्ये अर्धा डीबी जरी गेला तरी तो पुढे कितीही अॅम्प्लिफाय करून परत मिळत नाही. मला विचाराल तर मायक्रोवेव्हच्या पुस्तकातलं नॉइज टेंपरेचरचं प्रकरण सगळ्यात आधी पक्कं करा.

शिफ्टची तयारी ठेवा. पासची, म्हणजे यान डिशच्या नजरेत असण्याची, वेळ ग्रह ठरवतो. दिवाळी असो की मध्यरात्र. पासआधी फ्रिक्वेन्सी प्रेडिक्ट्स (सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर येईल याचे अंदाज) लोड करायचे, रेंजिंगचं (यानाचं अंतर मोजण्याचं) कॅलिब्रेशन करायचं, अँटेना वळवायचा. एक्स बँडमध्ये (8 गिगाहर्ट्झच्या आसपास) 32 मीटरच्या डिशचा बीम एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही अरुंद असतो. मग स्पेक्ट्रम अॅनालायझरवर नॉइजच्या गवतातून कॅरियरची (यानाच्या मूळ रेडिओ लहरीची) बारीक रेघ वर येते आणि रिसीव्हर लॉक होतो. तो क्षण मला आजही तितकाच आवडतो. कमांड पाठवल्यावर मात्र थांबायचं. मंगळ 21 कोटी किमीवर असताना उत्तर यायला पंचवीसेक मिनिटं लागतात.

पुण्याकडच्यांनी 28 फेब्रुवारीला खोडदला जीएमआरटी बघायला जरूर जावं. ती रेडिओ दुर्बीण खगोलशास्त्रासाठी आहे, पण ऑक्टोबर 2016 मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण सिग्नल तिनं थेट टिपला होता.

घरी सुरुवात करायची तर साधा आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) पुरतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे 145.825 मेगाहर्ट्झवरचे हॅम (हौशी रेडिओ) संदेश पकडा. स्थानक उगवताना फ्रिक्वेन्सी सुमारे तीन किलोहर्ट्झ वर असते, मावळताना तितकीच खाली. या घसरणीवरून स्थानकाचा वेग काढून बघा. दूरच्या यानांचा वेगही आम्ही डॉप्लरवरूनच, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सीत होणाऱ्या अशाच बदलावरून, काढतो.