आयपी मिळत नाही? राउटर बंद-चालू करण्याआधी या चुका टाळा

‘नेट गेलं’ असा फोन आला की मी आधी विचारतो, मशीनला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कोणता आलाय? उत्तर क्वचितच मिळतं. तोवर राउटर तीनदा बंद-चालू झालेला असतो आणि बिघाड ओळखायची खूण त्यातच पुसली जाते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) बघायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा धीर धरा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वायफाय वाढवायला घरातला जुना राउटर आणून तसाच जोडणं. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जुलैअखेरीस, रिटर्नची घाई चालू असताना, बारापैकी पाच मशीनचं नेट गेलं. प्रिंटरही दिसेना. दोन दिवस केबल बदलणं चाललं होतं. मी गेलो तेव्हा नेट चालू असलेल्या मशीनचा आयपी १९२.१६८.१ ने सुरू होत होता, नेट गेलेल्या मशीनचा १९२.१६८.० ने. ‘डीएचसीपी सर्व्हर’ (मशीनना आपोआप आयपी देणारा) या ओळीतही दोन वेगळे पत्ते. म्हणजे आयपी वाटणारे दोघे होते! दुसरा, म्हणजे घरून आणलेला जुना राउटर, सापडला टेबलाखाली, केबल लॅन (ऑफिसातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये.

नवीन मशीन नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक मारतं, ‘मला पत्ता द्या’. बहुतेक वेळा ज्याची ऑफर आधी पोचते त्याचीच ते घेतं, तो खरा की आगंतुक हे तपासत नाही. म्हणून रीस्टार्ट केल्यावर कधी नेट चालायचं, कधी नाही. ‘रीस्टार्टने सुटलं’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. जुना राउटर वापरायचाच असेल तर तो आधी एकट्या लॅपटॉपला जोडा, त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य नेटवर्कमधला मोकळा पत्ता द्या (मी १९२.१६८.१.२ देतो) आणि मगच लॅनला लावा.

दुसरी चूक प्रिंटर आणि डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र). १९२.१६८.१.१०५ ‘रिकामा दिसला’ म्हणून कुणीतरी हाताने टाकतं. पिंगला (पत्त्यावर कुणी आहे का हे बघणारी हाक) उत्तर आलं नाही म्हणजे पत्ता मोकळा, असं नसतं. त्याचा मालक लॅपटॉप त्या वेळी बंद असू शकतो. सोमवारी तो उघडतो, एकच पत्ता दोघांकडे होतो आणि प्रिंट थांबतात. मी नव्या ठिकाणी पहिल्यांदा डीएचसीपीच्या वाटपाची रेंज (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते २०० करतो. त्याखालचे पत्ते कायम जागच्या यंत्रांना, आणि प्रत्येकाची नोंद राउटरशेजारी चिकटवलेल्या कागदावर. मोबाइल अॅपमध्ये नोंद नको. माणूस नोकरी सोडतो, अॅप त्याच्याबरोबर जातं.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलत बसू नका. डीएचसीपीकडून उत्तर न आल्याने मशीनने तो स्वतःच घेतलेला असतो. केबल, स्विच, वायफाय तपासा.

मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्क कार्डाची ओळख) फोनला आयपी राखून ठेवलाय आणि तरी बदलतोय? फोनच्या त्या वायफायच्या सेटिंगमध्ये रँडम मॅक (खऱ्याऐवजी बनावट मॅक दाखवणं) बंद करा.

आणि दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये चोवीस तासांची लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) ठेवू नका. पेशंट घरी गेला तरी त्याच्या फोनचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो, शंभर पत्ते दुपारपर्यंत संपतात. पाहुण्यांच्या वायफायला मी एक तास ठेवतो. काउंटरच्या मशीनना मात्र वेगळं नेटवर्क.