मेडिकलच्या फ्रीजमधलं इन्सुलिन

आमच्या मेडिकलमध्ये साधा सिंगल डोअर फ्रीज आहे. उन्हाळ्यात लाईट सारखी जायची आणि इन्सुलिनचं टेन्शन यायचं. त्याला २ ते ८ अंश लागतात. सगळे गरम होण्याला घाबरतात, पण गोठणं जास्त फसवं. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला ठीक वाटलं तरी टाकूनच द्यायचं.

वायरवाला, किमान-कमाल तापमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर आणला. बर्फाच्या कप्प्याखाली आकडा उणे, दारात ११! मग सगळी खोकी मधल्या कप्प्यात, टोपलीत, मागच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवली. खाली भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या. लाईट गेली की दार उघडायचं नाही. बाटल्या गारवा धरून ठेवतात. डबे, ताक ठेवणं बंद केलं (पोरं अजून नाराज आहेत). सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहितो, ड्रग इन्स्पेक्टर आले की वही पुढे करायची.

गिऱ्हाइकाला देताना जेल पॅक कागदात गुंडाळूनच देतो, खोक्याला थेट टेकवत नाही. आणि सांगतो, "काकू, घरी फ्रीजरमध्ये नको हं, दारातही नको."