टेक्ससमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: काउंटीच्या न्यायालयातील फेलनी खटल्यांच्या नोंदी कशा शोधाव्यात

भारतातून ह्यूस्टन, डॅलस किंवा ऑस्टिनला आलेल्या कुटुंबाला पहिल्याच वर्षात अशा अनेक माणसांवर विश्वास टाकावा लागतो, ज्यांच्याविषयी चौकशी करायला ना जुना शेजार असतो ना नात्यातले कोणी. मूल सांभाळायला येणारी बाई, घरातली एक खोली भाड्याने मागणारा तरुण, दुकानात भागीदारी देऊ करणारा परिचित, अशी ही माणसे असतात. त्यांच्यावर कधी गंभीर गुन्ह्याचा, म्हणजे येथील भाषेत ‘फेलनी’चा, खटला चालला होता का, हे पाहण्याची मुभा येथे कोणालाही आहे, कारण फौजदारी खटल्यांच्या नोंदी मुळातच सार्वजनिक मानल्या जातात. मात्र नोंद कोठे असते आणि ती कशी वाचायची हे न समजता केलेल्या शोधात दोन धोके असतात. खरी नोंद नजरेतून निसटू शकते, किंवा एखाद्या निरपराध माणसाच्या नावाला कायमचा बट्टा लागू शकतो. मला दुसरा धोका अधिक मोठा वाटतो, म्हणून पुढे नोंद शोधण्यापेक्षा ती वाचण्याविषयी अधिक लिहिले आहे.

भारतात ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य आणि जिल्हा निवडून पक्षकाराचे नाव किंवा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की जिल्हा न्यायालयातील खटल्याची माहिती समोर येते. ती सवय येथे उपयोगी पडत नाही. टेक्ससमध्ये २५४ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत, प्रत्येक काउंटीची फौजदारी नोंद तिथला क्लर्क, म्हणजे न्यायालयाच्या नोंदी ठेवणारा अधिकारी, सांभाळतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे स्वतंत्र संकेतस्थळ असते. म्हणून पहिला प्रश्न नावाचा नसून काउंटीचा असतो, आणि शहराच्या नावावरून त्याचे उत्तर नेहमी मिळत नाही. फ्रिस्को हे शहर कॉलिन आणि डेंटन या दोन काउंटींमध्ये विभागलेले आहे, केटी हे हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तिघींमध्ये, तर ऑस्टिनचा मोठा भाग ट्रॅव्हिसमध्ये असला तरी काही वस्त्या विल्यमसन आणि हेजमध्ये मोडतात. शिवाय खटला सामान्यतः गुन्हा जेथे घडला त्या काउंटीत चालतो, आरोपी जेथे राहतो तेथे नव्हे. फोर्ट बेंड काउंटीतल्या शुगर लँडमध्ये राहणाऱ्या माणसाचा खटला शेजारच्या हॅरिस काउंटीत असू शकतो. त्यामुळे ती व्यक्ती आजवर जेथे जेथे राहिली आणि जेथे काम करीत होती, त्या सर्व काउंटी पाहिल्याशिवाय शोध पूर्ण झाला असे समजू नये.

यानंतर न्यायालयाची पायरी ओळखावी. वाहतुकीचे दंड आणि पाचशे डॉलरपर्यंतच्या दंडाचे किरकोळ गुन्हे म्युनिसिपल किंवा जस्टिस न्यायालयात जातात. कमाल एक वर्षाच्या काउंटी जेलची शिक्षा असलेले गुन्हे मिसडिमीनर म्हणून काउंटी न्यायालयात चालतात, आणि त्याहून गंभीर ते फेलनी ठरून डिस्ट्रिक्ट न्यायालयात जातात. फेलनीच्या नोंदी डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतात. मिसडिमीनरच्या नोंदी बहुतेक ठिकाणी काउंटी क्लर्ककडे असल्या तरी हॅरिस काउंटीत दोन्ही डिस्ट्रिक्ट क्लर्कच ठेवतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा साधारणपणे मिसडिमीनर असतो, परंतु गाडीत पंधरा वर्षांखालील मूल असेल तर तोच गुन्हा पहिल्याच वेळी फेलनी होतो, हे आपल्याकडच्या पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

प्रत्यक्ष शोध घेताना काउंटीच्या किंवा डिस्ट्रिक्ट क्लर्कच्या अधिकृत संकेतस्थळावर फौजदारी नोंदींचा विभाग निवडावा, कारण घटस्फोट, घर खाली करण्याचे दावे आणि वारसाच्या नोंदी स्वतंत्र विभागांत असतात. आडनाव आधी आणि नाव नंतर अशी मांडणी असते. जन्मतारीख ठाऊक असेल तर ती अवश्य वापरावी, आणि खटल्याचा क्रमांक, ज्याला येथे कॉज नंबर म्हणतात, मिळाला तर पुढचा सगळा शोध त्यावरूनच करावा. मूळ कागदपत्रे पाहण्यासाठी काही काउंटींमध्ये नावनोंदणी करावी लागते किंवा पानामागे शुल्क द्यावे लागते. संकेतस्थळावर जुने खटले नसतील तर क्लर्कच्या कार्यालयात जाऊन किंवा लेखी विनंती करून शोध मागता येतो, आणि तेथील कर्मचारी ही विनंती रोजच्या कामासारखीच हाताळतात, त्यामुळे संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आपल्या नावांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. पाटील, जोशी, कुलकर्णी या नावांची अनेक माणसे एकाच काउंटीत असतात, आणि मधले नाव म्हणून लिहिलेले वडिलांचे नाव नोंदीत कधी येते, कधी केवळ आद्याक्षर येते, तर कधी गळून जाते. चव्हाण, गायकवाड यांसारख्या आडनावांची रोमन लिपीतली स्पेलिंगे एकाहून अधिक असल्यामुळे ती सर्व तपासावीत. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असते, त्यांच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, ही अक्षरे आढळतात. केवळ नाव जुळले म्हणून माणूस तोच, असा निष्कर्ष कधीही काढू नये. जन्मतारीख किंवा ओळख पटवणारा दुसरा तपशील जुळेपर्यंत ती नोंद दुसऱ्या कोणाची आहे असेच मानून चालावे.

नोंद सापडली की खरे काम सुरू होते. अटक, आरोप, ग्रँड ज्युरीचा निर्णय आणि निकाल या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संकेतस्थळावर त्या एकाच पानावर जवळजवळ दिसतात. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाची कैद्यांची यादी फक्त एवढेच सांगते की माणसाला कोठडीत आणले होते. फेलनीचे प्रकरण पुढे बारा नागरिकांच्या ग्रँड ज्युरीसमोर जाते, आणि त्यांच्यापैकी किमान नऊ जणांचे मत पडल्याशिवाय आरोप निश्चित होत नाही. आरोप निश्चित न झाल्यास ‘नो बिल’ अशी नोंद होते. पुढे सरकारी पक्षाने खटला मागे घेतला असेल, न्यायाधीशांनी तो फेटाळला असेल, ज्युरीने निर्दोष ठरवले असेल किंवा आरोपीने कमी गंभीर गुन्हा कबूल केला असेल, यांतले काहीही शक्य असते. पानाच्या वरच्या भागात मात्र सुरुवातीचा जबर आरोपच ठळकपणे दिसत राहतो. म्हणून नेहमी निकालाचा रकाना आणि शक्य असेल तर निकालपत्र स्वतः वाचावे. ‘डिस्पोज्ड’ या शेऱ्याचा अर्थ प्रकरण न्यायालयापुरते संपले इतकाच आहे, गुन्हा सिद्ध झाला असा नव्हे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आपल्या मंडळींमध्ये पसरणाऱ्या निम्म्या अफवा थांबतील, असे मला मनापासून वाटते. पडद्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

काही सापडले नाही, तरी काही घडले नव्हते असे सिद्ध होत नाही. न्यायालयाने पुसून टाकण्याचा आदेश दिलेल्या नोंदी दिसत नाहीत, अल्पवयीनांच्या नोंदी गोपनीय असतात, आणि इतर राज्यांतले खटले या संकेतस्थळांवर नसतातच. राज्याचा सार्वजनिक सुरक्षा विभाग सशुल्क शोधाची सोय देतो, त्यातून टेक्ससमधील दोषसिद्धी एकत्र पाहता येतात. तसेच केंद्र सरकारचे, म्हणजे फेडरल, फौजदारी खटले काउंटीच्या नोंदींत येत नाहीत. नव्याने आलेल्यांसाठी हे महत्त्वाचे आहे, कारण एखाद्या कन्सल्टन्सीच्या मालकावर व्हिसाच्या कागदपत्रांतील फसवणुकीचा खटला झाला असेल, तर तो बहुधा फेडरल न्यायालयातच असतो. त्यासाठी ‘पेसर’ ही फेडरल न्यायालयांच्या नोंदींची ऑनलाइन व्यवस्था वापरावी लागते. तेथे पानामागे दहा सेंट लागतात, एका दस्तऐवजाला कमाल तीन डॉलर, आणि तीन महिन्यांचे बिल तीस डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर ते माफ होते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी कंपनीचे आणि तिच्या मालकाचे नाव तेथे टाकून पाहण्यात काहीच गैर नाही.

नाव टाकताच ‘गुन्हेगारी नोंद सापडली’ असे सांगून पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून दूर राहावे. त्यांची माहिती जुनी असते आणि एकसारख्या नावांची सरमिसळ होते. भाडेकरू किंवा कामावर ठेवायची व्यक्ती तपासायची असल्यास अशा अहवालांचे नियम ठरवणारा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा पाळणाऱ्या संस्थेकडूनच अहवाल घ्यावा. नोकरीसाठी असा अहवाल मागवताना त्या व्यक्तीची लेखी संमती लागते, आणि त्याच्या आधारे नकार द्यायचा असेल तर आधी तिला अहवालाची प्रत द्यावी लागते, म्हणजे चूक असल्यास ती दाखवून देता येते.

शेवटी स्वतःच्या नोंदीविषयी, कारण व्हिसावर असलेल्या माणसाचे याच बाबतीत सर्वाधिक नुकसान होते. टेक्ससमध्ये न्यायाधीश अनेकदा ‘डिफर्ड अॅडज्युडिकेशन’ देतात. आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा आरोपाला विरोध करीत नाही, ठरलेला काळ देखरेखीखाली काढतो, आणि तो नीट पार पडला की दोषी ठरवल्याशिवाय प्रकरण बंद होते. राज्याच्या कायद्याने ही दोषसिद्धी नसली, तरी इमिग्रेशनच्या कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या वेगळी आहे आणि कबुली व कोणतेही बंधन एकत्र आले की ती पूर्ण होते. म्हणून कोणतीही कबुली देण्यापूर्वी फौजदारी वकिलासोबत इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. अशा परिणामांविषयी अशिलाला सांगणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात दिला आहे. व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात अटकेविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, प्रकरण फेटाळले गेले असले किंवा नोंद पुसली गेली असली तरी खरे द्यावे लागते, आणि त्यासोबत निकालाची प्रमाणित प्रत मागितली जाते. नोंद पुसण्याचा आदेश झाल्यावर क्लर्ककडे ती प्रत उरत नाही, त्यामुळे नोंद पुसण्यासाठी अर्ज करण्यापूर्वीच निकालाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून पासपोर्टाच्या फायलीत ठेवाव्यात.