काउंटी क्लर्कच्या कार्यालयातील काम करून घेताना

अमेरिकेत काउंटी क्लर्कच्या, म्हणजे काउंटीतील (राज्याच्या जिल्ह्यासारख्या विभागातील) सरकारी नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे कोणती कामे असतात, हे राज्यागणिक बदलते. म्हणून प्रथम आपल्या काउंटीच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. कनेक्टिकटमध्ये काउंटी सरकारच नाही, तेथे ही कामे गावपातळीवरचे टाउन क्लर्क पाहतात. इलिनॉयमध्ये बहुतेक ठिकाणी निवडणुकांची व्यवस्थाही काउंटी क्लर्ककडेच असते.

विवाहाचा परवाना हवा असल्यास साधारणपणे वधू-वरांनी छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि शुल्क घेऊन स्वतः जावे लागते. टेक्सासमध्ये परवाना मिळाल्यानंतर सामान्यतः 72 तास थांबावे लागते आणि 90 दिवसांत विवाह व्हावा लागतो, त्यामुळे मुहूर्त ठरवण्यापूर्वीच ही मुदत तपासलेली बरी. परवाना म्हणजे विवाहाचा पुरावा नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. विधी करणाऱ्या व्यक्तीने सही केलेला परवाना कार्यालयात परत पोहोचून त्याची नोंद झाली, की मगच प्रमाणित प्रत मिळते. ती प्रत भारतात वापरायची असेल, तर तिच्यावर साधारणपणे त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणपत्र, घ्यावे लागते.

घराच्या खरेदीखताची नोंद करणारे कार्यालय त्या घराच्या मालकीची शहानिशा करत नाही. ते काम मालकीहक्काची तपासणी करणाऱ्या टायटल कंपनीचे किंवा वकिलाचे. कर्मचारी अर्जातील त्रुटी दाखवतील, परंतु कायदेशीर सल्ला देण्याची त्यांना मुभा नसते.